सुवार्तेचा तास

“साहेब, कुणाची शपथ घेऊ ते सांगा! दोन वर्षांत या बाईंच्या तोंडून येशूतला ‘ये’सुद्धा आम्ही ऐकलेला नाही!”

धिंदळे गुरुजींनी हे छातीवर हात ठेवून ठणकावून सांगितलं. ज्यांना सांगितलं ते समोरच्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसले होते. पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट, मांडीवर काळी बॅग आणि हातात गुरुजींनी स्वागताला दिलेलं झेंडूचं फूल. हे गृहस्थ म्हणजे नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, रेव्हरंड शमुवेल आढाव. त्यांनीच मला बाप्तिस्मा दिला होता, रविवारच्या शब्बाथ शाळेत माझ्याकडून वचनं पाठ करून घेतली होती, आणि त्या दिवशी ते मला या शाळेतून कायमचं घेऊन जायला आले होते.

मी दारात उभी. हातात खडू.

“‘ये’सुद्धा नाही?” पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघत हळूच विचारलं.

“नाव नको!” गुरुजी म्हणाले. “अगदी स्वच्छ कारभार आहे साहेब. चहा घ्या.”

गुरुजींचा गोंधळ कशामुळे झाला ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमच्या मंडळीत सेवा या शब्दाला एकच अर्थ. सेवा म्हणजे प्रभूची सेवा. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात शिकायचं, मंडळी सांभाळायची किंवा खेडोपाडी येशूची सुवार्ता सांगत फिरायचं. बाकी लोक करतात त्या नोकऱ्या. माझ्या सालोमी आत्यानं मी पाळण्यात असतानाच मला सेवेला वाहून टाकलं होतं. नावही तिनंच ठेवलं, सुवार्ता. मीही त्याच स्वप्नावर वाढले. पण सेमिनरीत आधी जागा मिळेना, आणि मध्येच डी.एड.च्या जोरावर जिल्हा परिषदेचा आदेश आला. नेमणूक शिक्षणसेवक या पदावर. आत्याला त्या शब्दाचा शेपटाकडचा भाग तेवढा दिसला. तिनं बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून, डोळ्यांतून पाणी काढून, भाची सेवक झाली म्हणून देवाचे उपकार मानले. बायकांनी हालेलुया म्हटलं. मग कुणीतरी तिला बाजूला घेऊन समजावलं की तुमची भाची डोंगरातल्या पोरांना बाराखडी शिकवायला चालली आहे.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. पण ती हार मानणारी नव्हती. “असू दे,” ती म्हणाली. “खरी सेवा मिळेपर्यंत कर ते. तोवर.”

त्या ‘तोवर’वरच मी जांभूळधऱ्याला आले. अकोले तालुक्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या कुशीत गाव. शाळेला दोन खोल्या आणि शिक्षकही दोनच, धिंदळे गुरुजी आणि मी. मी मन लावून शिकवत होते, खोटं कशाला बोलू? पण रोज संध्याकाळी खोलीवर आले की वाटायचं, आजचाही दिवस गेला आणि देवासाठी काहीच झालं नाही. सरकारी शाळेत धर्माचं काही बोलायचं नाही हा नियम मला पटत होता आणि मी तो पाळत होते. पण मग आपण इथं नेमकं कशासाठी आहोत, हे मला स्वतःला सांगता येत नव्हतं.

अशात सेमिनरीत जागा मिळाली. मी हवेतच होते. मंडळीनं रविवारी माझ्या निरोपाची उपासना ठरवली. गुरुवारी पाळकसाहेब स्वतः येऊन आमच्या गुरुजींशी रीतसर बोलणार आणि मला घेऊन जाणार, असं ठरलं. गुरुजींना आधी सांगायचा मला धीरच झाला नाही. म्हटलं, मोठं माणूस येईल ते सांगेल.

आणि बुधवारी दुपारी केंद्रशाळेतून निरोप आला. नवे विस्तार अधिकारी हासे साहेब उद्या चौकशीला येत आहेत. तक्रार आहे की जांभूळधऱ्याच्या शाळेत ख्रिस्ती बाई रोज पहिला तास सुवार्तेचा घेतात.

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. कारण तास खरोखरच होत होता!

सुरुवात पहिल्याच दिवशी झाली होती. मी फळ्यावर माझं नाव लिहिलं, तर पोरं म्हणाली, “बाई, सुवार्ता म्हंजी काय?”

“चांगली बातमी,” मी म्हटलं.

“मंग सांगा की!”

माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. नवं गाव आणि गळकी खोली. म्हटलं, तुम्हीच सांगा. एकजण उठून म्हणाला, “मपली शेळी व्याली. दोन करडं.” मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. तो पोरगा फळ्याजवळ आला आणि आपल्या शेळीच्या नावावरून बोट फिरवत राहिला. पुस्तकातलं कमळ-बदक त्याला वर्षभर वाचता आलं नव्हतं. शेळी त्याला त्याच दिवशी वाचता आली.

तेव्हापासून हाच आमचा वाचनाचा पाठ. रोज सकाळी पोरं बातम्या आणायची, मी फळ्यावर लिहायचे, आणि ती आपल्याच बातम्या वाचायची. पुढं पुढं स्वतः लिहू लागली. नियम एकच, बातमी खरी हवी. ज्याच्याजवळ नसेल त्यानं बसून आठवायची. पोरं त्याला सुवार्ताच म्हणायची, कारण तो शब्द त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता. मग कुणीतरी बाजारच्या दिवशी एस.टी. स्टँडवर मोठ्यानं सांगितलं असणार, “आमच्या शाळेत पयला तास सुवार्तेचा!” आणि ज्याला तो शब्द दुसऱ्या अर्थानं माहीत होता त्याच्या कानावर ते पडलं असणार.

गुरुवारी सकाळी गुरुजींनी सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं. “आज साहेब येणार. सुवार्ता हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. बाईंचं नाव विचारलं तर रणनवरे बाई. समजलं?”

“व्हय गुरुजी!”

“पहिला तास कशाचा?”

“सुवार्ते...”

“गप! मराठीचा!”

अशी तालीम चालली असतानाच पाळकसाहेब सकाळच्या गाडीनं उतरून, चढ चढून शाळेच्या दारात पोहोचले. गुरुजींनी हासे साहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. पांढरे कपडे आणि काळी बॅग दिसताच त्यांनी झेंडूचं फूल पुढं केलं. मी पोरांना वर्गात बसवून बाहेर येईपर्यंत त्यांनी पाळकसाहेबांपुढं माझी सगळी अब्रू वाचवून टाकली होती.

आज हसू येतं. तेव्हा मात्र कानशिलं तापली होती. गुरुजी खोटं बोलले असते तर काही वाटलं नसतं. ते शब्दन् शब्द खरं बोलले होते, आणि ते ऐकायला नेमके पाळकसाहेब होते.

“गुरुजी, अहो हे...” मी तोंड उघडलं, तोच अंगणात मोटरसायकल थांबली. धुळीनं माखलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उतरला.

“तांदूळ मागच्या दारानं उतरवा,” गुरुजींनी त्याला उभ्या जागेवरून हात केला. “इथं साहेब बसलेत.”

“कोण साहेब?” त्या माणसानं टॉवेल सोडला. “मी हासे. विस्तार अधिकारी.”

गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे पाहिलं. “मग हे कोण?”

“मी या बाईंचा पाळक,” आढाव पाळक उठून अतिशय अदबीनं म्हणाले. “चर्चचा.”

गुरुजींनी भिंतीला हात टेकला. पाळकसाहेबांनी आपली खुर्ची सोडून त्यांनाच बसवलं.

हासे साहेबांचा चेहरा मात्र ताठ झाला. “चौकशी धर्मप्रचाराची, आणि पाळक शाळेत हजर. छान!” ते म्हणाले. “चला वर्गात.”

आम्ही सगळे वर्गात गेलो. पोरं एका सुरात “नमस्ते साहेब” म्हणाली. हासे साहेबांनी पहिल्याच रांगेतल्या पोराला विचारलं, “पहिला तास कशाचा असतो रे?”

पोरानं गुरुजींकडे पाहिलं, मग ओठ आत ओढून घेतले. दुसऱ्याला विचारलं. त्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. एरवी ज्यांना गप्प बसवताना माझा घसा बसायचा, ती सगळी चिडीचूप. साहेबांचा संशय वाढत गेला तो मला दिसत होता. माझ्या मनात एक कोपरा म्हणाला, जाऊ दे ना, तू तर निघालीच आहेस, तुझं काय जातंय? पण त्या पोरांचे गच्च मिटलेले ओठ बघून मला राहवेना. माझ्या नावासाठी ती बिचारी श्वास कोंडून बसली होती.

“साहेब, त्यांना नका विचारू. तक्रार खरी आहे,” मी म्हटलं. “आमचा पहिला तास सुवार्तेचाच असतो.”

गुरुजींनी डोळे मिटले. पाळकसाहेब एकदम माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला धड कळलं नाही.

“म्हणजे तुम्ही कबूल...” साहेब बोलू लागले, आणि बाहेरून आरोळी आली.

“बाई! सुवार्ता! ओ बाई! सुवार्ता!”

भागी मेंगाळ! पलीकडच्या ठाकरवाडीतली पोर. शेळ्यांमधून सवड मिळाली की शाळेत यायची, तीही उशिरा. त्यामुळे सकाळची तालीम तिला ठाऊकच नव्हती. ती धापा टाकत दारातून आत घुसली, कोण साहेब, कोण पाळक, तिला काही दिसलं नाही. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

ही भागी म्हणजे माझं दोन वर्षांचं दुखणं होती. अक्षर तिच्या डोक्यात टिकायचंच नाही. क आणि फ तिला जुळे भाऊ वाटायचे. मातीत लिहून झालं, गारगोट्या मांडून झालं, पाठीवर बोटानं गिरवून झालं. किती वेळा वाटलं, सोडावं. सोडलं तेवढं नाही. बाकीची पोरं शेळीबद्दल लिहायला लागली तरी ही आपली बातमी तोंडानंच सांगायची.

“काय गं?” मी विचारलं.

“काल आमी अकोल्याच्या बाजाराला गेल्तो. येताना तिथं दोन गाड्या उभ्या. दादानं इचारलं, राजूरची कोंची? एक मानूस म्हनला ती पलीकडची. दादा निंगाला. म्या म्हनलं नाय दादा, ती कोतूळची! ही राजूरची! पाटीवर लिवलंय!” भागीनं हवेतच बोट फिरवलं. “रा. जू. र. म्या वाचलं बाई! लोक हसाया लागलं. तरी दादानं मपलं ऐकलं. आन् गाडी राजूरलाच आली!”

ठाकरवाडीच्या लोकांचं काय होतं ते त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मागच्याच दिवाळीत भागीच्या या दादाला, तिच्या बापाला, कुणीतरी चुकीच्या गाडीत बसवून दिलं होतं, आणि सगळं घर लेकराबाळांसह डोंगर तुडवत परतलं होतं. स्टँडवर ज्याला त्याला हात जोडून विचारायचं आणि लोक हसत सांगतील ते खरं मानायचं. त्या माणसाच्या लेकीनं काल कुणालाच विचारलं नव्हतं.

“लिही,” मी म्हटलं आणि खडू तिच्या हातात दिला.

भागी फळ्यापाशी गेली. जीभ बाहेर काढून, खडू मुठीत आवळून तिनं लिहिलं. ‘मि पाटि वाचलि.’ सगळं ऱ्हस्व. गुरुजी सवयीनं पुढं झाले, तर हासे साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. “राहू द्या गुरुजी. वेलांट्या नंतर बघू.”

आणि पोरांचा बांध फुटला! कोण टाळ्या पिटतंय, कोण पाट्या बडवतंय. “भागीनं वाचलं! भागीनं वाचलं!” मला रडू कोसळलं. साहेबांच्या देखत, पाळकांच्या देखत, पदराचा बोळा तोंडाला लावून मी रडले. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता आणि तो लपवायचं मला सुचलंही नाही.

गलका ओसरल्यावर साहेबांनी फळ्याकडे बोट केलं. “ही सुवार्ता?”

“व्हय साहेब,” ओठ मिटून बसलेला पहिल्या रांगेतला पोरगा उभा राहिला. आता लपवायला राहिलंच काय होतं? “सुवार्ता म्हंजी चांगली बातमी. बाईंचं नावच हाये ते. रोज समद्यांनी सांगायची. तुमची काय?”

“माझी?”

“खरी पायजे,” भागीनं बजावलं आणि खडू त्यांच्यापुढं धरला.

हासे साहेबांनी खडू हातात घेतला. चौकशी करायला आलेला माणूस, त्याची कुणी चौकशी केली नसेल बहुधा. मग ते फळ्याकडे वळले आणि वळणदार अक्षरात लिहिलं. ‘आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल तिनं मला पाहिलं.’ पोरांनी ते मोठ्यानं वाचलं. ऑपरेशनला जरा अडखळली, पण वाचलं. साहेबांनी रुमालानं नाक पुसलं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “मी अहवालात लिहितो, तक्रारीत तथ्य आहे.”

गुरुजींचा चेहरा पार उतरला.

“तास रोज होतो. चालू ठेवावा.”

आता पोरांना चेव आला होता. त्यांचा मोर्चा पाळकसाहेबांकडे वळला. “तुमी बी सांगा! तुमची सुवार्ता काय?”

माझं काळीज लक्कन हललं. कारण त्यांच्याजवळ बातमी होती, आणि ती कोणती ते मला माहीत होतं. तीच सांगायला ते इतका चढ चढून आले होते. आढाव पाळकांनी पोरांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला व्यासपीठावर मी कधी शब्दासाठी अडताना पाहिलं नव्हतं, तो माणूस त्या पोरांपुढं अडला.

“एक बातमी आणली होती बाळांनो,” ते शेवटी म्हणाले. “पण ती चांगली आहे की नाही, हे मला आता कळेनासं झालंय.”

“मंग बसा,” भागी म्हणाली. “बसून आठवा.”

आणि रेव्हरंड आढाव खरोखर पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले.

दुपारच्या गाडीला मी त्यांना पोहोचवायला गेले. माझी पेटी खोलीवर भरून तयार होती. ते तिच्याबद्दल विचारतील म्हणून मी वाट बघत होते. ते काही विचारेनात. शेवटी मीच थांबले.

“पाळकसाहेब, मी येत नाही.”

“का?”

“मला तिथं जायचंच नाही आता. आत्या रागावेल, मंडळी नाराज होईल, होऊ दे. गुरुजी म्हणाले ते खरं आहे. दोन वर्षांत मी इथं येशूचं नाव घेतलं नाही. पुढंही घेता येणार नाही. तरी मला इथंच राहायचंय.”

पाळकसाहेब थोडं चालले. मग म्हणाले, “मी पहिला बाप्तिस्मा दिला ना पोरी, तेव्हा मला असंच रडू फुटलं होतं. आज तुला फुटलं तसं. त्यानंतर कितीतरी दिले. पण तसं पुन्हा झालं नाही.” त्यांनी डोळे मिचकावले. “तू अजून कितीदा रडणार आहेस, देव जाणे. वर्ग मोठा आहे.”

गाडी आली. पायरीवर पाय ठेवून ते वळले. “रविवारी ये. निरोपाची उपासना ठरल्याप्रमाणे होईल.”

“अहो, पण मी जातच नाही तर निरोप कसला?”

“ये म्हटलं ना!”

रविवारी मी पहिल्या बाकावर बसले. चर्चच्या देवळात माणूस मावत नव्हता. सालोमी आत्या नवं लुगडं नेसून, सगळ्यांकडे अभिमानानं बघत माझ्याशेजारी. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. गाणी झाली, संदेश झाला. मग पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी गुडघे टेकले. कुणी सेवेला निघालं की करतात तसेच त्यांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. ते हात जड होते आणि उबदार होते. मला पुन्हा रडू येऊ लागलं.

“आपली बहीण सुवार्ता रणनवरे हिला ही मंडळी आज प्रभूच्या सेवेसाठी पाठवत आहे,” पाळकसाहेबांचा आवाज घुमला. “सेवेचं क्षेत्र, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जांभूळधरा. तालुका अकोले.”

देवळात कुजबुज उठली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आणि सालोमी आत्या, जिला हळू बोलणं जन्मात जमलं नाही, ती बाकावरून उठून उभी राहिली.

“अहो पाळकसाहेब! पण ती तर दोन वर्षं तिथंच आहे!”

“होय आत्याबाई,” माझ्या डोक्यावरचा हात जराही न हलवता पाळकसाहेब म्हणाले. “पाठवायचं आपलंच राहून गेलं होतं.”

आत्या लुगड्याचा घोळ सावरत पुढं आली, आणि त्या सगळ्या हातांवर तिनं आपला हात ठेवला.